रिकाम्या खुर्च्यांचा खर्च

महापालिकेने भरती थांबवली, असे बेळगावच्या शहापूर भागातल्या खडेबाजारात कुणीही सहज बोलून जातो. पण बेळगाव महापालिकेच्या हाती भरती सुरू करणे नाही, तसे ती थांबवणेही नाही. कर्नाटकात महापालिकेतील पदे राज्य शासन मंजूर करते, सेवाभरतीचे नियम सगळ्या महापालिकांना मिळून एकच आहेत, वरचे अधिकारी बदलीवर येतात आणि जातात, आणि कायम नोकरांचा पगार मुख्यतः राज्य वित्त आयोगाच्या वेतन अनुदानातून भागतो. अंदाजपत्रक बेळगावच्या सभागृहात मांडले जाते, पण त्यातली माणसांची बाजू बेंगळुरूच्या अर्थखात्यात ठरते. तिथे फाईल अडली की इथल्या महसूल विभागातली खुर्ची रिकामी राहते. एखादे पद का भरले नाही असे नगरसेवकाने विचारले, तर ‘शासनाकडे प्रस्ताव पाठवला आहे’ हे उत्तर तयार असते. ते खोटे नसते, म्हणून त्यावर पुढे बोलताही येत नाही.

या परावलंबनाची मुळे जुनी आहेत. शहापूर संस्थानी काळात सांगलीकर पटवर्धनांकडे होते, बेळगाव इंग्रजांकडे. बाजारपेठ एक आणि राज्ये दोन, असा तो प्रकार. त्या काळापासून आपल्याकडच्या नगरपालिकांच्या उत्पन्नाचा मोठा झरा म्हणजे जकात. कर्नाटकाने १९७९ साली जकात बंद केली. महाराष्ट्रातल्या महापालिका पुढे पस्तीसेक वर्षे जकातीवर आणि नंतर स्थानिक संस्था करावर (एलबीटी) जगल्या. मुंबईत तर जकात १ जुलै २०१७ ला जीएसटी येईपर्यंत चालू होती. बेळगावच्या हाती मात्र १९७९ नंतर मालमत्ता कर, परवाने, गाळ्यांची भाडी आणि शासनाचे अनुदान एवढेच उरले. कोल्हापूर-सांगलीकडे जाणारा बेळगावकर तिथल्या पालिकांशी आपली तुलना करतो, तेव्हा हा फरक त्याच्या लक्षात नसतो.

भरतीला लगाम घालण्याची युक्ती नवी नाही आणि एकट्या कर्नाटकाची नाही. केंद्र सरकारने १६ मे २००१ च्या आदेशाने थेट भरती रिक्त जागांच्या एक तृतीयांशापुरती आणि एकूण संख्याबळाच्या एक टक्क्यापुरती मर्यादित केली होती. ते बंधन २००९ पर्यंत टिकले. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्राच्या व्यय विभागाने नवी पदे निर्माण करण्यावर बंदी घातली. त्याआधी, ४ मे २०२० रोजी, महाराष्ट्राने आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षणासारखी खाती वगळून नवी पदभरती थांबवली आणि विकासकामांचा खर्च अंदाजपत्रकाच्या ३३ टक्क्यांवर आणला. जुलै २०२० मध्ये कर्नाटकाच्या अर्थखात्यानेही त्या आर्थिक वर्षापुरती थेट भरती थांबवली.

सीमाभागातल्या तरुणाला ही दुहेरी बंदी जशी जाणवली तशी दुसऱ्या कुणाला जाणवली नसेल. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषिकांना महाराष्ट्र शासनाच्या नोकरभरतीत अर्ज करता येतो. तसे १० जुलै २००८ चे परिपत्रक आहे आणि जाहिरातींच्या तळाशी त्याचा उल्लेख असतो. कर्नाटकाच्या परीक्षेत कन्नडची अट, महाराष्ट्राच्या परीक्षेत वास्तव्याच्या दाखल्याची कटकट, अशी दोन दारे. मे ते जुलै २०२० या तीन महिन्यांत दोन्ही दारांना कड्या पडल्या. वय मात्र थांबले नाही.

बेळगावात त्या वेळी जाब विचारायला सभागृहही नव्हते. नगरसेवकांची मुदत मार्च २०१९ मध्ये संपली, निवडणूक ३ सप्टेंबर २०२१ रोजी झाली, आणि निवडून आलेल्या ५८ नगरसेवकांना महापौर निवडायला फेब्रुवारी २०२३ उजाडला. मधली जवळजवळ चार वर्षे अंदाजपत्रक प्रशासकांनी केले. कोणती जागा कोणत्या कारणाने रिकामी ठेवली, यावर त्या काळात जाहीर चर्चा झालीच नाही.

नंतरची मोठी थांबवाथांबव पैशामुळे झाली नव्हती. १ ऑगस्ट २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जातींमधल्या उपवर्गीकरणाला मान्यता दिली. त्यावर २८ ऑक्टोबर २०२४ ला कर्नाटक मंत्रिमंडळाने ठरवले की अंतर्गत आरक्षणाचा अहवाल येईपर्यंत भरतीची नवी अधिसूचना काढायची नाही. न्या. एच. एन. नागमोहन दास यांचा अहवाल ४ ऑगस्ट २०२५ ला सादर झाला. कारण न्याय्य होते. ज्यांना आजवर वाटा मिळाला नाही त्यांना तो मिळावा म्हणूनच तो खटाटोप होता. पण अर्थखात्याच्या दृष्टीने नऊ महिन्यांहून अधिक काळ पगाराचा वाढीव बोजा आपोआप टळला. सातव्या वेतन आयोगाची नवी वेतनश्रेणी १ ऑगस्ट २०२४ पासून लागू झालेली, तिचा वर्षाचा भार २० हजार कोटींच्या घरात, पाच हमी योजनांसाठी त्या वर्षी सुमारे ५२ हजार कोटींची तरतूद. अशा वेळी भरती थांबायला एक सन्मान्य कारण मिळाले, तर ते लवकर संपावे अशी घाई कुणाला असणार? हा माझा तर्क आहे, आरोप नव्हे. राज्यात अडीच लाखांहून अधिक सरकारी पदे रिकामी असताना २०२५ च्या सप्टेंबरात धारवाडच्या रस्त्यावर स्पर्धा परीक्षेचे उमेदवार उतरले, ते याच पार्श्वभूमीवर. पुढे शासनाने वयोमर्यादेत तीन वर्षांची सूट दिली.

आता प्रश्नाच्या गाभ्याकडे येऊ. भरती थांबवली की पैसा वाचतो, हे गृहीत कितपत खरे आहे?

कारकुनाची जागा रिकामी ठेवली तर त्या महिन्यापुरता पगार वाचतो. पण झाडूकाम, कचऱ्याची उचल, गटारसफाई, पाण्याचे व्हॉल्व्ह उघडणे ही कामे पुढच्या महिन्यावर ढकलता येत नाहीत. मीरापूर गल्लीत दोन दिवस गाडी फिरकली नाही की तिसऱ्या दिवशी नगरसेवकाचा फोन वाजतो. म्हणून माणूस लागतोच. फक्त तो पगारपत्रकावर न येता ठेक्यातून येतो. आस्थापनेच्या रकान्यातला आकडा कमी होतो आणि ‘बाह्यस्रोत सेवा’ नावाच्या दुसऱ्या रकान्यातला वाढतो. नळजोडणी नाकारून रोज टँकर मागवावा, तशातली ही काटकसर. त्यातही बेळगावसारख्या पालिकेचा तोटा दुहेरी आहे. कायम माणसाच्या पगाराला शासनाचे वेतन अनुदान असते. ठेक्याच्या माणसाचा बराच भार पालिकेच्या स्वतःच्या उत्पन्नावर पडतो. राज्याने केलेली बचत अशी गल्लीतल्या घरपट्टीतून भरून निघते.

पौरकार्मिकांची, म्हणजे पालिकेच्या सफाई कामगारांची, गोष्ट या संदर्भात सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण कर्नाटकात या प्रश्नाचा पूर्ण फेरा तिथे दिसतो. सत्तरच्या दशकात आय. पी. डी. सालप्पा समितीने सफाई कामगारांच्या स्थितीचा अभ्यास केला आणि दर ५०० लोकांमागे एक कामगार हे प्रमाण सुचवले. दशकानुदशके पालिका त्याच्या आसपासही पोचल्या नाहीत. नव्वदनंतर ठेकेदारी आली. हजेरीपटावर नावे जास्त आणि रस्त्यावर माणसे कमी, पगार दोन-दोन महिने थकलेला, भविष्यनिर्वाह निधी कापला पण भरला नाही, अशा तक्रारी राज्यभरातून येऊ लागल्या. अखेर २०१७ च्या सुमारास शासनाने झाडूकामातला ठेकेदार बाजूला करून पालिकेने थेट वेतन द्यायचे ठरवले. त्याच काळात प्रमाणही बदलले: ५०० ऐवजी ७०० लोकांमागे एक.

हा बदल कागदावर किरकोळ वाटतो. २०११ च्या जनगणनेनुसार बेळगाव शहराची लोकसंख्या ४ लाख ८८ हजार. ५०० चे प्रमाण धरले तर ९७६ पौरकार्मिक हवेत, ७०० चे धरले तर ६९७. एका भागाकारात पावणेतीनशेहून अधिक माणसांची गरजच नाहीशी झाली. जागा रिकाम्या आहेत ही ओरड कमी करण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही: मोजमापच बदलायचे. शिवाय ज्या लोकसंख्येला भागायचे ती पंधरा वर्षांपूर्वीची. वडगाव, खासबाग, अनगोळ, टिळकवाडी, सगळीकडे शेतजमिनीवर वसाहती चढल्या त्या या भागाकारात धरल्याच जात नाहीत.

थेट वेतनाने ठेकेदार गेला, पण नोकरी कायम झाली नाही. १ जुलै २०२२ पासून राज्यभरातले पौरकार्मिक चार दिवस संपावर गेले. बसवराज बोम्मई सरकारने त्या वर्षी ११,१३३ पौरकार्मिकांना कायम करण्याला मंजुरी दिली. पुढे १ मे २०२५ ला मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी एकट्या बेंगळुरूत १२,६९२ जणांना कायम नेमणुकीची पत्रे वाटली. म्हणजे भरती टाळण्यासाठी उभी केलेली तात्पुरती व्यवस्था वीस-पंचवीस वर्षांनी पुन्हा भरतीलाच येऊन मिळाली. मधल्या काळात ज्यांची कंबर मोडली त्यांना मात्र त्या वर्षांचे काही मिळाले नाही. आणि गाडीचे चालक, मदतनीस, कचरा भरणारे यांतले पुष्कळ जण अजून ठेक्यातच आहेत. झाडणारा कायम, पण त्याने गोळा केलेला कचरा तुरमुरीच्या डेपोपर्यंत नेणारा तात्पुरता.

झाडूकामाची चर्चा होते, कारण कचरा दिसतो. कचेरीतली रिकामी खुर्ची दिसत नाही, म्हणून तिची किंमत कुणी मोजत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून मालमत्तेच्या व्यवहाराला ई-आस्तीचा, म्हणजे मालमत्तेच्या संगणकीय नोंदीचा, उतारा सक्तीचा झाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये अनधिकृत वसाहतींतल्या मालमत्तांना बी-खाता देण्याची मोहीम निघाली. दोन्ही योजना योग्यच होत्या. हजारो घरे कराच्या जाळ्यात येणार होती. पण प्रत्येक उताऱ्यामागे मोजमाप, जुने दस्त, छायाचित्र, छाननी आणि मंजुरी असे काम आहे. ते करायचे त्याच महसूल निरीक्षकांनी आणि त्याच बिल कलेक्टरांनी, ज्यांच्या जोडीच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या आहेत. नवे काम आले, नवी पदे आली नाहीत. मग डेटा एंट्रीला ठेक्याचे संगणकचालक, सहीला एकच प्रभारी अधिकारी, आणि गोवावेसच्या कार्यालयात रांग. वसुली करणारा माणूस न नेमून वाचवलेला पगार आणि न झालेली वसुली यांचा ताळेबंद एखाद्या अंदाजपत्रकात मांडला तर डोळे उघडतील.

कर वाढवण्याच्या बाबतीतही हात बांधलेलेच. कर्नाटकाच्या सुधारित कायद्याप्रमाणे मालमत्ता कर दरवर्षी ३ ते ५ टक्क्यांनी वाढवायचा असतो. बेळगावात २०२३ च्या ऑक्टोबरात करवाढीच्या ठरावाच्या कागदावरून महापौर, आयुक्त आणि नगरविकास खाते यांच्यात मोठा तंटा झाला. महापालिका बरखास्त का करू नये अशी नोटीस येण्यापर्यंत गोष्ट गेली. निवडून आलेल्या सभागृहाला कर किती वाढवायचा यात फारसा वाव नाही आणि त्या करातून माणूस नेमायचा की नाही यात अजिबातच नाही. १९९३ च्या जूनपासून अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी स्वराज्याचे जे चित्र रेखाटले होते, त्याची ही अवस्था. २०२४ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झालेल्या महालेखापरीक्षकांच्या १८ राज्यांच्या आढाव्यात नागरी संस्थांतली सरासरी ३७ टक्के पदे रिकामी आढळली आणि स्वतःचे उत्पन्न एकूण महसुलाच्या केवळ ३२ टक्के. बेळगाव अपवाद नाही.

अंदाजपत्रकातली अनिश्चितता म्हणजे नेमके काय, हे शहापूरकरांनी २०२४ मध्ये जवळून पाहिले. बँक ऑफ इंडियाजवळून जुन्या पी. बी. रोडला जोडणारा रस्ता स्मार्ट सिटी योजनेत झाला. त्याखालची खासगी जागा रीतसर संपादित केलेली नव्हती. प्रकरण उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठापुढे गेले आणि महापालिकेवर २० कोटी रुपये भरपाई भरण्याची वेळ आली. सप्टेंबरात सभा झाल्या, जबाबदारी कुणाची यावरून राजकारण तापले, आणि शेवटी जागा मूळ मालकाला परत देऊन पालिकेने मान सोडवून घेतली. हा प्रसंग भरतीशी संबंधित नाही असे वाटेल. पण जमिनीची कागदपत्रे तपासणारा, नकाशा वाचणारा, कायद्याचा सल्ला वेळेवर देणारा अनुभवी माणूस कचेरीत असणे म्हणजे काय, याची किंमत २० कोटींच्या मागणीच्या रूपाने समोर आली. एवढ्या रकमेत किती सर्वेअर किती वर्षे ठेवता आले असते, हा हिशेब ज्याने त्याने करावा. बेळगावची स्मार्ट सिटीसाठी निवड जानेवारी २०१६ मध्ये, पहिल्याच २० शहरांत झाली. रस्ते, उद्याने, बसथांबे, नियंत्रण कक्ष उभे राहिले. मार्च २०२५ अखेर योजना संपली. बांधकामाला पैसा होता, राखणाऱ्या माणसांची पदे मात्र त्यासोबत आली नाहीत.

महाराष्ट्रात चित्र वेगळे आहे, पण शेवट तोच. तिथे महापालिकेचा आस्थापना खर्च उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांवर गेला की नवी भरती अडते. नियम शिस्तीचा आहे आणि त्याची गरजही होती. पालिका म्हणजे पुढाऱ्यांच्या नातलगांची सोय असे दिवस आपण पाहिले आहेत. पण त्यात एक दुष्टचक्र दडलेले आहे. उत्पन्न घटले की टक्केवारी चढते, टक्केवारी चढली की वसुलीचा माणूस मिळत नाही, वसुली घटली की टक्केवारी आणखी चढते. आणि ठेक्यावरच्या माणसांचा खर्च बहुधा आस्थापनेत धरला जात नाही, म्हणून ३५ च्या आत राहण्याचा सोपा उपाय म्हणजे अधिक ठेके. नियमानेच पळवाट दाखवली, तर तिने जाणाऱ्याला दोष तरी काय द्यायचा?

मुंबईचे उदाहरण तर विलक्षण आहे. ४ फेब्रुवारी २०२० ला आयुक्त प्रवीणसिंह परदेशी यांनी ३३,४४१ कोटींचे अंदाजपत्रक मांडताना आस्थापना खर्च आवरण्यासाठी नव्या भरतीला विराम दिला. ज्या पालिकेच्या ठेवी त्या वेळी ७० हजार कोटींच्या वर होत्या, तिने हे केले. दीड महिन्यात कोरोना आला आणि त्याच पालिकेला डॉक्टर, परिचारिका, वॉर्डबॉय कंत्राटावर शोधत फिरावे लागले. परदेशींचा विचार चुकीचा नव्हता; आधी कामाचे मोजमाप करू, मग पदे ठरवू, हे त्यामागचे सूत्र होते. पण संकट मोजमाप संपण्याची वाट पाहत नाही. पुढे ६ सप्टेंबर २०२३ ला महाराष्ट्र शासनाने नऊ संस्थांमार्फत बाह्यस्रोत भरतीचा निर्णय काढला आणि तरुणांच्या संतापानंतर २० ऑक्टोबरला तो मागे घेतला. निर्णय मागे गेला, प्रथा गेली नाही.

बाहेरच्या जगात दोन शहरे या बाबतीत पाहण्यासारखी आहेत. १९७५ मध्ये न्यूयॉर्क दिवाळखोरीच्या कड्यावर उभे होते. १ जुलैला महापौर एब्राहम बीम यांनी हजारो पोलीस आणि सफाई कामगारांना घरी पाठवले. सफाई कामगार त्याच दिवशी संपावर गेले आणि उन्हाळ्यात शहर कचऱ्याने भरले. ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅमने ५ सप्टेंबर २०२३ ला समान वेतनाच्या थकलेल्या दाव्यांपायी कलम ११४ ची नोटीस काढून नवा खर्च थांबवला. नंतर कचरागाडीवरचे एक पद रद्द केले गेले आणि २०२५ च्या मार्चपासून तिथल्या सफाई कामगारांचा बेमुदत संप सुरू झाला. पन्नास वर्षांचे अंतर, दोन वेगळी खंडे, पण कात्री प्रथम तिथेच लागली जिथे लागायला नको होती.

न्यायालयांनी या प्रश्नात दोन्ही बाजूंनी बोलून ठेवले आहे. मध्य प्रदेशातल्या रतलाम नगरपालिकेने पैसे नाहीत म्हणून गटारे बांधता येत नाहीत असे सांगितले, तेव्हा १९८० मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांच्या निकालाने ती सबब फेटाळली. उलट २००६ च्या उमादेवी निकालाने, आणि तो खटला कर्नाटकातलाच, तात्पुरत्या नेमणुकीवरच्या माणसाला कायम होण्याचा हक्क आपोआप मिळत नाही असे ठरवले. पुढची अनेक वर्षे पालिकांनी उमादेवी पुढे केला आणि रतलाम विसरला. आता वारा थोडा फिरला आहे: डिसेंबर २०२४ च्या जग्गो आणि ऑगस्ट २०२५ च्या धरम सिंग निकालांत सर्वोच्च न्यायालयाने कायम स्वरूपाच्या कामावर वर्षानुवर्षे तात्पुरती माणसे राबवण्यावर कठोर बोट ठेवले, आणि पैशाची चणचण ही प्रत्येक वेळी चालणारी ढाल नव्हे हे स्पष्ट केले.

भरती थांबवणे कधीच योग्य नसते, असे मला म्हणायचे नाही. अनुदान किती येणार हेच ठाऊक नसताना तीस वर्षांचा बोजा अंगावर घेणे शहाणपणाचे नाही. काही पदे खरोखर कालबाह्य झाली आहेत. टंकलेखकाची जागा भरून काय करायचे? मात्र जुन्या पेन्शनची भीती नव्या माणसाला लावू नये. कर्नाटकात १ एप्रिल २००६ नंतर लागलेल्यांना नवी निवृत्तिवेतन योजना आहे. पालिकेच्या ताळेबंदातला मोठा डोंगर जुन्या नेमणुकांचा आहे.

बंदी घालायचीच असेल तर तिला तारीख हवी. कधी उठणार हे आदेशातच लिहिलेले असावे, आणि आरोग्य, पाणी, सफाई व करवसुली या चार विभागांना ती लागू नसावी. करवसुलीचे नाव मुद्दाम घेतो, कारण ते कुणी घेत नाही. अंदाजपत्रकासोबत एक साधे परिशिष्ट जोडावे: प्रत्येक विभागात मंजूर पदे किती, भरलेली किती, आणि त्या कामावर ठेक्याची माणसे किती व त्यांचा खर्च किती, हे एकाच ओळीत. आज हे आकडे तीन फायलींत आहेत, म्हणून नगरसेवकाला प्रश्न विचारायचा तरी तीन सभा लागतात. असे परिशिष्ट जोडायला बेंगळुरूची परवानगी लागत नाही. अर्थ व कर स्थायी समितीने मनावर घेतले तर पुढच्याच अंदाजपत्रकात ते होईल.

त्याची घाई आहे ती आणखी एका कारणाने. लांबलेली जनगणना आता २०२७ च्या मार्चमध्ये पुरी व्हायची आहे. बेळगावचा आकडा ४ लाख ८८ हजारांवर राहणार नाही हे उघड आहे. सातशेला एक हे प्रमाण जसेच्या तसे ठेवले तरी पौरकार्मिकांची गरज वाढेल. सहा लाख लोकसंख्या धरली तर ८५७. ती पदे मंजूर होण्यासाठी प्रस्ताव आधी जावा लागतो, आणि प्रस्तावासोबत आजच्या माणसांचा खरा आकडा.